कापसाचा भाव आणि स्पर्धेचा कायदा : खान्देशातील पार्श्वभूमी

मक्तेदारीविरोधी कायद्याची चर्चा बहुधा ग्राहकाच्या खिशापाशी सुरू होते. खान्देशात मात्र हा प्रश्न आधी विकणाऱ्याचा, म्हणजे कापसाची गाडी घेऊन बाजारात आलेल्या शेतकऱ्याचा होता. हातावर रुमाल टाकून बोटांच्या खुणांनी भाव ठरवण्याच्या हत्ता पद्धतीत कोणी किती बोली लावली, हे मालाच्या धन्यालाच कळत नसे. मुंबई इलाख्याने १९२७ मध्ये कापूस बाजार कायदा केला आणि त्याखालील आरंभीच्या नियंत्रित बाजारांत धुळे होते.

अमेरिकेत शर्मन कायदा १८९० मध्येच आला होता. साखर कारखान्यांनी संगनमताने बीटचा खरेदीदर ठरवला, तेव्हा हा कायदा उत्पादकांचेही रक्षण करतो, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये स्पष्ट केले. हा निकाल मला फार महत्त्वाचा वाटतो.

आपल्याकडे दासगुप्ता आयोगाच्या १९६५ च्या अहवालानंतर १९६९ चा मक्तेदारी कायदा झाला. त्याचा रोख मोठ्या उद्योगघराण्यांवर होता आणि सरकारी उपक्रम १९९१ पर्यंत त्याच्या कक्षेबाहेर होते. त्यामुळे राज्याने १९७२ पासून एकाधिकार कापूस खरेदी योजना राबवली, तेव्हा सरकार हाच एकमेव खरेदीदार ठरूनही मक्तेदारीविरोधी कायद्याला त्यात काही म्हणायचे नव्हते. हमीचा आधार अनेकांना मिळाला, पण शेजारच्या गुजरात आणि मध्य प्रदेशात भाव चढला की सीमेलगतचा कापूस चोरून तिकडे जाई.

राघवन समितीच्या शिफारशींवरून २००२ चा स्पर्धा कायदा झाला. त्यातील संगनमतविरोधी तरतुदी २० मे २००९ रोजी लागू झाल्या. २०१२ मध्ये स्पर्धा आयोगाने सिमेंट कंपन्यांना सहा हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला आणि प्रकरण अपिलात गेले. घर बांधणाऱ्याला या कायद्याचा अर्थ तेव्हा समजला. कलम ३ मध्ये विक्रीच्या किमतीइतकाच खरेदीच्या किमतीचाही स्पष्ट उल्लेख आहे, आणि लिलावातील संगनमताचाही. म्हणजे बाजार समितीतील बोली असो वा खेडा खरेदी, व्यापाऱ्यांनी आपसांत भाव ठरवला तर तो कायद्याने गुन्हा नसला तरी दंडनीय उल्लंघन ठरतो.

अडचण पुराव्याची आहे. सारखा भाव म्हणजे करार नव्हे, हे गॅस सिलिंडरच्या निविदांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले. त्यामुळे शेतकऱ्याने नुसता पडलेला दर दाखवून भागत नाही. त्यामागचे बोलणे दाखवावे लागते.