बेस ट्रेनिंग

बेस ट्रेनिंग : लांब पल्ल्याचं पळणं किंवा सायकलिंग करणारे स्पीड वर्कआउटच्या आधी काही आठवडे, कधी काही महिने, मुद्दाम सावकाश पण भरपूर वेळ जो सराव करतात तो. बोलताना ‘बेस बांधणं’, ‘झोन टू’ (हृदयाच्या ठोक्यांवरून पाडलेल्या टप्प्यांतला दुसरा) नाहीतर नुसतं ‘इझी’. हाफ मॅरेथॉन असो, फुल असो की 200 ते 600 किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची सायकल राइड, तयारी इथूनच सुरू होते. अशा सरावाने हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला लागतं, स्नायूंमध्ये केशवाहिन्या आणि मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जा तयार करणारी केंद्रं, वाढतात आणि शरीर चरबीवर जास्त चालतं, त्यामुळे स्नायूंत साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, शेवटच्या तासापर्यंत पुरतं.

हे मूळचं कुणाचं यावर एकमत नाही. दोन नावं घेतली जातात, न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड आणि जर्मनीचे डॉक्टर अर्न्स्ट फान आकन. 1960 च्या रोम ऑलिम्पिकमध्ये लिडियार्ड यांच्या पीटर स्नेलने 800 मीटरचं आणि मरे हालबर्गने 5000 मीटरचं गोल्ड एकाच दिवशी घेतलं, बॅरी मॅगीला मॅरेथॉनचं ब्राँझ मिळालं, आणि 800 मीटरवाला गडीसुद्धा आठवड्याला 100 मैल म्हणजे साधारण 160 किलोमीटर पळतो, रविवारी ऑकलंडजवळच्या डोंगरातला 22 मैलांचा फेरा मारतो हे जगाला कळलं. फान आकन मात्र बहुधा 1940 च्या दशकाच्या अखेरीपासूनच लांब आणि हळू पळण्याचा आग्रह धरत होते, तोही मुलांसाठी आणि बायकांसाठीसुद्धा, आणि त्यांचा शिष्य हॅराल्ड नॉरपोथ 1964 ला टोकियोत 5000 मीटरला सिल्व्हर घेऊन आला. ‘हळू’ हा विचार फान आकन यांचा आणि ‘आधी पाया, मग टेकड्या, मग स्पीड’ हा क्रम लिडियार्ड यांचा, असं मानणं जास्त पटतं. कारण लिडियार्ड यांचे शिष्य रमतगमत पळत नव्हते, त्यांचा वेग चांगला दमदार असायचा. ‘लाँग स्लो डिस्टन्स’ हे नाव 1969 च्या सुमारास अमेरिकन धावपटू-लेखक जो हेंडरसन यांच्यामुळे रुळलं.

हळू म्हणजे किती हळू, इथे खरा घोळ आहे. वेग ठोक्यांवरून ठरवतात, आणि हृदयाचे कमाल ठोके काढायला बहुतेकांच्या घड्याळात 220 वजा वय हे गणित बसलेलं असतं. हे कार्व्होनेन यांच्या नावावर खपवलं जातं पण ते त्यांचं नाही, त्या फिनिश संशोधकाचं 1957 चं काम विश्रांतीचे ठोके धरून टक्केवारी काढण्याचं आहे. 220 चा आकडा 1971 च्या फॉक्स, नॉटन आणि हॅस्केल यांच्या लेखातून पसरला, आणि 2002 मध्ये रॉबर्ग्ज आणि लँडवेअर यांनी शोध घेतला तेव्हा त्यामागे स्वतंत्र प्रयोग नव्हता, आधीच्या आकड्यांवरून डोळ्याने ओढलेली रेघ होती. तनाका आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये 208 वजा वयाच्या 0.7 पट असं सूत्र दिलं, ते जास्त भरवशाचं. चाळिशीत दोन्हींचं उत्तर 180 च येतं, पण साठीच्या माणसाला जुनं सूत्र 160 सांगतं आणि नवं 166, म्हणजे जुन्या सूत्राने ज्येष्ठ मंडळी विनाकारण दबकून राहतात. त्यातही माणसामाणसात दहाएक ठोक्यांचा फरक सहज असतो, आणि बीपीसाठी बीटा ब्लॉकर, म्हणजे ठोके कमी करणारं औषध, चालू असेल तर कुठलंच सूत्र लावू नये, डॉक्टरांना विचारावं.

‘झोन टू’ या शब्दानेही गोंधळ होतो. पाच झोनच्या पद्धतीत झोन टू म्हणजे आरामाचा वेग. नॉर्वेत काम करणारे संशोधक स्टीफन सायलर तीनच झोन मानतात आणि त्यांचा झोन टू म्हणजे मधला, ना धड सोपा ना धड कठीण असा वेग, जो ते कमीत कमी ठेवायला सांगतात! त्यांचं 80-20 चं, म्हणजे ऐंशी टक्के सोपं आणि वीस टक्के कठीण, हे प्रमाणही सेशनच्या संख्येचं आहे, तासांचं नाही, तासात मोजलं तर सोपा भाग नव्वद टक्क्यांच्या आसपास जातो.

म्हणून हौशी माणसाला बोलून बघण्याची चाचणी सगळ्यात उपयोगाची. नाशिकच्या त्र्यंबक रोडला सातपूर मागे पडलं की रस्ता अंजनेरीकडे इतका हळूहळू चढतो की डोळ्याला कळत नाही, श्वासाला कळतं. तिथे सतराचा पाढा मोठ्याने म्हणायचा. ‘सतरा चोक अडुसष्ट, सतरा पाचा पंच्याऐंशी’ एका दमात निघालं तर बेस चालू आहे, आणि दर आकड्याला श्वास घ्यावा लागला तर गिअर हलका करायचा आणि पुढचा ग्रुप खुशाल जाऊ द्यायचा. रविवारच्या ग्रुप राइडमध्ये नेमकं हेच जमत नाही, अंजनेरी येईपर्यंत रेस लागलेली असते आणि मग मिसळ खाताना सगळे म्हणतात आज इझीच होती.

नाशिकला लांब पल्ला नवा नाही. निवृत्तीनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला पायीच जाते. सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरचं ब्राँझ मिळवलं, आणि डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 मध्ये दोघांच्या टीमने रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करणारी सायकल रेस पूर्ण केली. मुंबई मॅरेथॉन जानेवारीत असते म्हणून तिचा बेस इथे भर पावसाळ्यात बांधावा लागतो. एप्रिल-मेमध्ये त्याच वेगाला ठोके वर सरकत जातात, घाम जाऊन रक्ताचं आकारमान घटतं आणि त्वचेकडेही रक्त वळवावं लागतं म्हणून, तेव्हा गंगापूर रोडला पाचला निघालेलं बरं आणि वेगापेक्षा ठोक्यांकडे बघावं.

सायकलवाल्याला चार-पाच तास बेस करता येतो, पळणाऱ्याला नाही, कारण प्रत्येक पावलाचा दणका नडगीला आणि गुडघ्याला बसतो. सायकलवरचे कमाल ठोके पळण्यापेक्षा साधारण पाच ते दहा कमी येतात, त्यामुळे दोन्हींचे झोन वेगळे काढावे लागतात. वर्षभर सायकल चालवून थेट हाफला उतरणाऱ्यांचं हृदय तयार असतं पण हाडं तयार नसतात, त्यांनी पहिले सहा-आठ आठवडे एक मिनिट चालणं, चार मिनिटं पळणं असंच करावं, दम अजिबात लागत नसला तरी.