आर्मेनियन स्ट्रीटवरचं चर्च आणि १६८८ चा करार

कोलकात्यात हावडा पूल ओलांडून बडाबाजारात शिरलं की हातगाड्या, डोक्यावर ओझी घेतलेले हमाल आणि घाऊक मालाची दुकानं यांच्या गर्दीत एक रस्ता लागतो, आर्मेनियन स्ट्रीट. तिथल्या नाझरेथच्या आर्मेनियन चर्चचा पत्ता विचारताना 'आर्मानी गिर्जा' म्हटलेलं उत्तम, बंगालीत तेच नाव चालतं. फाटकातून आत पाऊल टाकलं की पायाखाली थडगी लागतात. अंगणभर दगडी शिळा बसवलेल्या आहेत, त्यांवर आर्मेनियन अक्षरं कोरलेली आहेत आणि त्यांवरूनच चालत दारापर्यंत जावं लागतं. पहिल्यांदा पाऊल अडखळतं. पण हे चर्च उभं राहिलं तेच मुळी आर्मेनियन लोकांच्या दफनभूमीवर. आधी कबरी, मग चर्च, असा इथला क्रम आहे.

या शिळांपैकी एकीने कोलकात्याच्या इतिहासात बरीच खळबळ उडवली. ती रेझाबीबी नावाच्या स्त्रीची. दानशूर सुकियास यांची पत्नी, एवढीच तिची ओळख दगडावर आहे. १८९४ साली इतिहासकार मेस्रोव जेकब सेठ यांनी हा लेख वाचला. त्यातलं साल इराणातल्या जुल्फाच्या आर्मेनियन व्यापाऱ्यांच्या कालगणनेतलं होतं, वर्ष १५. ही गणना १६१५ च्या सुमारास सुरू होते, त्या हिशेबाने मृत्यूची तारीख निघाली ११ जुलै १६३०. शहराचा संस्थापक म्हणून सांगितला जाणारा, ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी जॉब चार्नॉक आजच्या कोलकात्याच्या जागी असलेल्या सुतानुटी गावी उतरला २४ ऑगस्ट १६९० रोजी. म्हणजे इंग्रजांच्या आधी ६० वर्षं इथे आर्मेनियन कुटुंब राहत होतं, असा अर्थ निघतो. काही अभ्यासकांनी या निष्कर्षावर शंका घेतल्या आहेत आणि एकट्या दगडावर अख्ख्या वसाहतीचा इतिहास उभा करू नये हे मलाही पटतं. मात्र चार्नॉकला शहराचा संस्थापक मानता येणार नाही, असा निर्णय २००३ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयानेच दिला, तो या शिळेशिवायही उभा राहतो.

ही माणसं इथवर आली कशी, हे समजायला इराणात जावं लागतं. १६०४-०५ मध्ये शाह अब्बासने उस्मानी तुर्कांशी लढताना आरस नदीकाठचं जुल्फा हे आर्मेनियन व्यापाऱ्यांचं भरभराटीचं गाव रिकामं करवलं. लोकांना हाकून नेताना असंख्य माणसं वाटेत मेली. जे पोहोचले त्यांना त्याने आपली राजधानी इस्फहानला लागून वसवलं. ती वस्ती म्हणजे नवं जुल्फा. उखडलेल्या या लोकांच्या हाती इराणी रेशमाचा व्यापार आला आणि दोन पिढ्यांत त्यांचे गुमास्ते सुरत, आग्रा, पाटणा, हुगळीपर्यंत पसरले. फारसी येत होती, दरबारी रीत ठाऊक होती, नातेसंबंधांवर उधारी चालत होती. मुघल मुलखात धंदा करायला याहून मोठं भांडवल नव्हतं.

नेमकं तेच इंग्रजांकडे नव्हतं. म्हणून २२ जून १६८८ रोजी लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीने खोजा फानूस कलंदर या जुल्फाच्या व्यापाऱ्याशी करार केला. आर्मेनियनांनी आपला माल इराण-तुर्कस्तानच्या खुश्कीच्या वाटेऐवजी कंपनीच्या जहाजांतून पाठवावा, बदल्यात कंपनीच्या मुलखात त्यांना इंग्रजांच्या बरोबरीचे हक्क मिळतील. याच व्यवहारात एक कलम होतं, आणि या चर्चची खरी पायाभरणी मी त्या कलमातच पाहतो. कंपनीच्या ज्या गावात ४० किंवा अधिक आर्मेनियन राहतील, तिथे त्यांना प्रार्थनास्थळासाठी जागा मिळेल आणि धर्मगुरूच्या खर्चासाठी सात वर्षं दरसाल ५० पौंड दिले जातील. आधीचं लाकडी चर्च १७०७ साली जळालं. १७२४ मध्ये आगा जेकब नझर यांनी दगडविटांचं चर्च उभारलं, आराखडा इराणहून आलेल्या गावोंद यांचा. घंटामनोरा १७३४ चा, तो मॅन्युएल हजारमालियान यांनी बांधवला. हुगळीवरचा आर्मेनियन घाटही त्यांचाच. पुढे १७९० मध्ये काचिक अराकिएल यांनी डागडुजी करून घड्याळ बसवून दिलं.

कंपनी आणि आर्मेनियन यांच्या या नात्याची दुसरी बाजू मला अधिक मोलाची वाटते. १६९८ मध्ये सुतानुटी, गोविंदपूर आणि कलिकाता ही तीन गावं कंपनीला मिळाली, त्यांतूनच पुढे कोलकाता वाढलं; त्यासाठी बंगालचा मुघल सुभेदार शहजादा अझीम-उश-शान याच्याकडे बोलणी केली खोजा इस्राएल सरहद यांनी. ते कलंदर यांचे पुतणे. १७१५ मध्ये मुघल बादशहा फर्रुखसियरच्या दरबारी गेलेल्या इंग्रज शिष्टमंडळातही तेच होते. शाळेत आपण कोलकात्याची गोष्ट इंग्रजांपासून शिकतो, त्यात सरहद यांचं नावही येत नाही. ते यायला हवं.

कंपनी सत्ताधारी झाल्यावर तिला मध्यस्थांची गरज उरली नाही. तरी शहरावर आर्मेनियनांचा ठसा राहिला: चौरंगीवरचं ग्रँड हॉटेल अराथून स्टीफन यांचं, हाँगकाँग घडवणाऱ्यांतले सर पॉल चेटर जन्माने कोलकात्याचे. १९०२ साली कोलकात्यात ज्यांचा आवाज तबकडीवर उतरला त्या गायिका गौहरजान यांचे वडीलही आर्मेनियन वंशाचे. आपल्या मुंबईतही फोर्टमध्ये १७९६ सालचं सेंट पीटर आर्मेनियन चर्च आहे. तिथे समाज फार मोठा कधीच नव्हता.

नाझरेथच्या चर्चमध्ये वेदीवर क्रूस, शुभवर्तमानाचा ग्रंथ आणि बारा प्रेषितांच्या बारा मेणबत्त्या असतात. आवारात उस्मानी साम्राज्यात १९१५ साली झालेल्या आर्मेनियनांच्या नरसंहाराचं स्मारकही आहे. स्वातंत्र्यानंतर बहुतेक कुटुंबं ऑस्ट्रेलिया आणि इतर देशांत गेली, आता शहरात मोजकीच माणसं उरली आहेत. पण १८२१ मध्ये स्थापन झालेलं आर्मेनियन कॉलेज मिर्झा गालिब स्ट्रीटवर अजून चालू आहे. तिथे आर्मेनिया, इराण, इराकमधून मुलं शिकायला येतात. आर्मेनियन नाताळ असतो ६ जानेवारीला. त्या दिवशी बडाबाजारातल्या या चर्चमध्ये तीच मुलं जुन्या आर्मेनियन भाषेत स्तोत्रं गातात.