डिमॉलिशन डर्बीच्या गाडीची चासी आणि सस्पेन्शन

डिमॉलिशन डर्बी हा अमेरिकेतला मोटारींचा टक्करखेळ आहे. पाणी मारून चिखलट केलेल्या बंदिस्त रिंगणात जुन्या गाड्या एकमेकींवर आदळवतात आणि जी शेवटपर्यंत स्वतःच्या चाकांवर हलत राहते ती जिंकते. उन्हाळ्यात गावोगाव भरणाऱ्या काउंटी फेअर, म्हणजे तिकडच्या जिल्हा जत्रा, हे या खेळाचे खरे घर. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील आयस्लिप स्पीडवे या छोट्या धावपट्टीवर १९५८ पासून झालेल्या स्पर्धांनी त्याला नाव मिळवून दिले, आणि पुढे दूरचित्रवाणीने तो घरोघर पोचवला.

ड्रायव्हरच्या दारावर मुद्दाम धडक मारणारा बाद होतो, आणि ठरलेल्या वेळात, बहुधा मिनिटभरात, एकही टक्कर न मारणाराही बाद होतो. रेडिएटर पुढे असल्यामुळे जाणता ड्रायव्हर शक्यतो उलट्या गिअरमध्ये, डिकीच्या बाजूने मारतो. म्हणून गाडीची तयारी मागच्या टोकापासून विचारात घ्यावी लागते. इंजिन बंद पडून हरणाऱ्या गाड्या असतात, तशाच इंजिन उत्तम चालू असताना चाक अडकून, अ‍ॅक्सल सरकून किंवा चासी मधोमध मोडून हरणाऱ्याही पुष्कळ असतात. त्या चासी आणि सस्पेन्शनच्या कामात हरलेल्या असतात.

गाडीची निवड

मोठ्या गाड्यांच्या गटात बॉडीपासून वेगळी चासी असलेल्या गाड्या लागतात. आपल्याकडे बोलेरो किंवा सुमोच्या खाली जशी वेगळी चासी दिसते, तशी तिथे लांबरुंद सेडानच्या खाली असते. १९७० च्या दशकातल्या शेव्हरोले इम्पाला आणि कॅप्रिस, त्यानंतरच्या फोर्ड क्राऊन व्हिक्टोरिया, मर्क्युरी ग्रँड मार्क्विस आणि लिंकन टाऊन कार या नेहमीच्या गाड्या. क्रायस्लरची १९६४ ते १९६६ ची इम्पीरियल इतकी दणकट होती की बहुतेक ठिकाणी तिला बंदीच आहे. १९६७ पासून इम्पीरियलची वेगळी चासी गेली आणि बॉडीच चासीचे काम करू लागली.

क्राऊन व्हिक्टोरिया घेताना वर्ष पाहावेच लागते. १९९८ पासून या गाडीला मागे वॅट्स लिंक, म्हणजे मागचा आस बाजूला सरकू न देणारी जोडणी, आली. पूर्वीचे वरचे आर्म तिरके असल्यामुळे अ‍ॅक्सल डावीउजवीकडे जात नसे. नव्या रचनेत आर्म समांतर आहेत आणि अ‍ॅक्सलला जागेवर धरण्याचे सगळे काम त्या एका लिंकवर आले आहे. ती तुटली की अख्खा अ‍ॅक्सल बाजूला सरकतो आणि टायर रेलला, म्हणजे चासीच्या लांब तुळईला, घासत बसतो. म्हणून जिथे नियम मुभा देतात तिथे जाणकार तिरक्या आर्मचे ब्रॅकेट बसवून घेतात. २००३ पासून चासीच्या रेल नव्या पद्धतीने घडवलेल्या आहेत, पुढचा क्रॉसमेंबर, म्हणजे दोन रेलना जोडणारी आडवी तुळई, अ‍ॅल्युमिनियमचा आहे आणि स्टीअरिंग रॅक-पिनियनचे आहे. अ‍ॅल्युमिनियम वाकून तग धरण्याऐवजी तडकते, हे लक्षात ठेवूनच ही गाडी घ्यावी.

नियमावली आधी

देशभर चालेल असे एकच नियमपुस्तक नाही. प्रत्येक जत्रेचे, प्रत्येक आयोजकाचे वेगळे असते. स्टॉक गटात वेल्डिंग जवळजवळ नसतेच, दारे साखळीने किंवा तारेने बांधतात. वेल्ड गटात ठरावीक ठिकाणी ठरावीक इंच जोडकाम चालते. त्यामुळे पुढे दिलेली मापे नेहमीची असली तरी अंतिम नाहीत. ज्या जत्रेत उतरायचे तिथला कागद हातात घेऊनच ग्राइंडर चालू करावा. नियमापेक्षा दोन इंच जास्त मारलेला वेल्ड तपासणीच्या रांगेत उभे राहून कापावा लागतो, आणि घाईत कापताना रेलला चीर पडते.

चासी

प्रथम पेट्रोलची टाकी, इंधनाच्या नळ्या, काचा, गालिचे आणि आसने काढून टाकावीत. टाकी उतरल्याशिवाय ठिणगी पाडू नये. मग तारेच्या ब्रशने रेल खरवडून हातोडीने टोकत जावे. चांगल्या पोलादाचा आवाज खणखणीत येतो. आतून गंज खाल्लेल्या जागी तो बद्द होतो आणि हातोडीखाली पापुद्रे सुटतात. मागच्या चाकांवरून वर जाणाऱ्या रेलच्या कमानीचा, म्हणजे हंपचा, खालचा कोपरा आणि बॉडी चासीला जिथे जोडते त्या बॉडी माउंटच्या आसपासची जागा सर्वांत आधी सडते, कारण चिखल आणि रस्त्यावरचे मीठ तिथेच साचते. नंतर टेपने दोन्ही कर्ण मोजावेत. कर्णांत अर्ध्या इंचाहून जास्त फरक असेल तर ती गाडी आधीच कुठेतरी वाकलेली आहे आणि पहिल्या टक्करीला त्याच बाजूला जाणार.

रेल मागच्या अ‍ॅक्सलवरून कमानीसारखी वर जाते, त्या कमानीला हंप म्हणतात. मागून मार बसला की दोनपैकी एक गोष्ट घडते. बंपरची पातळी मधल्या चासीपेक्षा वर असल्यामुळे, हंपच्या पुढचा खालचा कोपरा मिटला तर शेपूट वर उचलली जाते. हेच हवे असते, कारण चाके मोकळी राहतात आणि पुढची टक्कर वर आलेल्या डिकीच्या पत्र्यावर बसते. पण हंपचा माथाच दुमडला तर शेपूट खाली येते, डिकी टायरवर बसते आणि गाडी स्वतःचीच चाके दाबून धरते. तीन मिनिटांत खेळ संपतो.

म्हणून परवानगी असेल तिथे हंपच्या बाजूला पाव इंच जाडीची पट्टी बसवतात आणि हंपच्या मागे रेलच्या वरच्या अंगाला एक खाच देतात. मार बसला की खाच मिटते आणि मागचे टोक वर वळते. खाच दोन्ही रेलना समोरासमोर आणि सारखीच हवी. एका बाजूला अर्धा इंच खोल गेली तर शेपूट वर जायच्या ऐवजी तिरकी वळते आणि एका टायरवर येते. मागच्या चाकांवरचा पत्राही आधीच कापून ठेवावा. दुमडलेल्या पत्र्याची धार टायर चिरते.

पट्टी लावताना नवखे लोक चौकोनी तुकडा कापून चारही बाजूंनी भरगच्च वेल्ड मारतात. पट्टी संपते तिथे कडक भाग संपून मऊ भाग सुरू होतो आणि रेल नेमकी त्या रेषेवर मोडते. पट्टीची टोके निमुळती ठेवावीत आणि रेलवर आडवा वेल्ड टाळावा. चासीत एक जागा ताठ केली की वाकणे दुसरीकडे सरकते. ते कुठे सरकेल हे आधी ठरवणे हेच या कामातले कौशल्य आहे. आधी एकदा उतरलेल्या, वाकलेल्या गाडीला दुरुस्तीच्या पट्ट्या मिळतात. त्या साधारण ४ × ४ किंवा ४ × ६ इंच आणि पाव इंच जाड असतात. किती लावायच्या, हे आयोजक मोजून सांगतो.

पुढे बंपर थेट रेलवर पक्का करतात. १९७३ पासूनच्या अनेक अमेरिकी गाड्यांत बंपरमागे धक्का शोषणारे सिलिंडर असतात आणि त्यांतल्या अनेकांत दाबाखालचा वायू किंवा तेल असते. सिलिंडर बंद असताना तापवला तर तो गोळीसारखा सुटतो. आधी बाजूला उभे राहून छोटे छिद्र पाडावे, दाब पूर्ण सोडावा आणि मगच दांडा आत ढकलून वेल्ड करावा. या कामात जीवावर बेतणारी चूक इथेच होते.

बॉडी आणि चासी यांच्यामधले रबरी माउंट वेल्ड गटात काढून त्या जागी अर्धा ते पाऊण इंची बोल्ट आणि मोठे वॉशर घालतात. ते सैल राहिले तर बॉडी चासीवरून सरकते, स्टीअरिंगचा शाफ्ट तिरका होतो आणि चाक वळेनासे होते.

सस्पेन्शन

सस्पेन्शनचा हेतू एकच : बंपर हवा त्या उंचीवर राहावा. आपला बंपर समोरच्यापेक्षा खाली असेल तर तो आपल्यावर चढतो. फार वर असेल तर आपण त्याच्यावर चढून मागची चाके हवेत फिरवत बसतो. बहुतेक नियमांत बंपरच्या खालच्या कडेची उंची जास्तीत जास्त २२ इंच धरतात आणि किमान उंचीही ठरलेली असते.

पुढे वरचा विशबोन, म्हणजे पुढचे चाक धरणारा दुबेळका आर्म, रेलला २ × ४ इंचाच्या, पाव इंच जाडीच्या दोन पट्ट्यांनी दर बाजूला वेल्ड करतात. हे काम गाडी जॅकवर असताना करू नये. इंजिन, बॅटरी आणि रेडिएटर बसवून, गाडी सपाट जमिनीवर चाकांवर उभी करून उंची मोजावी आणि मगच पट्टी लावावी. फार उंचावर जखडले की बॉल जॉइंट, म्हणजे विशबोनच्या टोकाचा गोल सांधा, त्याच्या टोकाच्या कोनात अडकतो आणि पहिल्या आडव्या धडकेत सुटतो. पट्ट्या लागल्यावर चाक दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे. टाय रॉड, म्हणजे स्टीअरिंगकडून चाक वळवणारा दांडा, हा पुढच्या भागातला सर्वांत नाजूक अवयव. तो वाकला की दोन चाके दोन दिशांना तोंड करतात. नियमात बसत असेल तर जाड रॉड घालावा.

मागे कॉइल स्प्रिंग असेल तर अ‍ॅक्सलभोवती साखळी किंवा तार घेऊन ती चासीला बांधावी. नाही तर गाडी उसळली की स्प्रिंग जागेवरून निसटते आणि तो कोपरा खाली बसतो. मागचे कंट्रोल आर्म खालून उघडे, दाबून घडवलेल्या पत्र्याचे असतात; उघडी बाजू पट्टीने बंद करतात, लांबी मात्र बदलत नाहीत. वरचा आर्म वाकला की डिफरेन्शियलचे तोंड खाली झुकते, शाफ्टचा युनिव्हर्सल जॉइंट अडखळतो आणि धडकेत गिअरबॉक्सची शेपटी फुटते.

मागे पाट्यांची स्प्रिंग असलेल्या गाडीत पाट्यांची संख्या आणि क्लॅम्प दोन्ही मोजले जातात. प्रत्येक खालचा पाटा वरच्यापेक्षा आखूड हवा. सगळे एकाच लांबीचे घातले तर तपासणीस ते काढायला लावतो. इथे लक्ष ठेवायचे ते पाट्यांच्या मधल्या बोल्टवर. तो तुटला की अ‍ॅक्सल पाट्यावरून पुढे सरकतो आणि प्रोपेलर शाफ्ट दाबला जातो. यू-बोल्ट नवे घालावेत आणि गाडी थोडी चालवून झाल्यावर पुन्हा आवळावेत. डिफरेन्शियलमधली छोटी गिअर वेल्ड करून दोन्ही चाके एकत्र फिरवणे बहुतेक सगळ्या गटांत चालते. चिखलात त्याशिवाय निभाव लागत नाही.

छोट्या, पुढची चाके ओढणाऱ्या गाड्यांच्या गटात वेगळी चासी नसते. तिथे स्ट्रटचा, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेल्या उभ्या भागाचा, दांडा खाली बसू नये म्हणून त्यावर पाइपचा तुकडा किंवा क्लॅम्प लावतात, एवढेच.

तपासणी आणि दोन फेऱ्यांमधला वेळ

रेलवर रंग किंवा डांबरी लेप नको, असे अनेक आयोजक बजावतात, कारण वेल्ड उघडा दिसला पाहिजे. शंका आली तर ते रेलला भोक पाडून आत कॅमेरा घालतात. आत सळई, फोम किंवा काँक्रीट सापडले की गाडी परत जाते. यामागे ड्रायव्हरचा जीव आहे. चासी जितकी ताठ, तितका धक्का कमी शोषला जातो आणि उरलेला सगळा आसनावर बसलेल्या माणसापर्यंत पोचतो.

प्राथमिक फेरी संपून अंतिम फेरी सुरू होईपर्यंत कधी तासभर, कधी त्याहून कमी वेळ मिळतो. तेवढ्यात आधी पट्ट्यांच्या टोकांशी चिरा शोधाव्यात, मग टाय रॉड, बॉल जॉइंट, यू-बोल्ट आणि स्प्रिंगच्या साखळ्या पाहाव्यात, आणि टायरला लागणारा पत्रा कापून टाकावा. शेपूट अपेक्षेप्रमाणे वर आली असेल तर तिला हात लावू नये.