गायतोंडे, रंगाचे थर आणि ‘अमूर्त’चा घोळ

चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्या एखाद्या कॅनव्हासने लिलावात नवा आकडा गाठला, की पुढचे आठ दिवस ‘अमूर्त’, ‘अध्यात्म’ आणि ‘मौन’ हे तीन शब्द हमखास वाचायला मिळतात. २०१३ च्या डिसेंबरात मुंबईत त्यांचं १९७९ चं चित्र २३ कोटींच्या वर गेलं. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या एका नामवंत संग्रहालयात त्यांचं सिंहावलोकनी प्रदर्शन भरलं. २०२५ मध्ये १९७० च्या एका कॅनव्हासला ६७ कोटी मिळाले. आकडे बदलत गेले, शब्द तेच राहिले.

सुरुवातीचा काळ बहुतेकांना ठाऊक आहे. १९२४ मध्ये नागपुरात जन्म, गिरगावातली चाळ, १९४८ ला मुंबईच्या जे.जे. कलाशाळेची पदविका, मग पुरोगामी चित्रकारांच्या गटाशी संबंध, १९५७ मध्ये टोकियोतल्या तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात पहिलं पारितोषिक. पन्नासच्या दशकात स्विस-जर्मन चित्रकार पॉल क्लेचा प्रभाव उघड दिसतो. पुढे माणसं, पक्षी, घरं हळूहळू गेली आणि दशक संपता संपता रंगाचं क्षेत्र तेवढं उरलं. १९६४ मध्ये शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. तिथे ते बदलले असं सांगायची पद्धत आहे, पण रंग पसरायचा रोलर त्याआधीच त्यांच्या हातात आला होता.

खरा गुंता आहे तो ‘अमूर्त’ या शब्दाचा. गायतोंडेंना स्वतःला हे लेबल मान्य नव्हतं. ते आपल्या कामाला ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ म्हणत. मराठीत त्यासाठी ‘अप्रतिरूप’ हा नेमका शब्द आहे, पण तो कोशाबाहेर फारसा आला नाही. ही नुसती शब्दांची कुस्ती नव्हे. झाड समोर ठेवून त्याची पानं, फांद्या, खोड एकेक वगळत गेलं तर जे उरेल ते झाडाचं अमूर्तीकरण. त्यात मुळात झाड असतं. गायतोंडे कशातूनच काही वगळत नव्हते. त्यांच्या कॅनव्हासवर वगळण्याजोगी वस्तूच नव्हती.

मराठीत तर पेच आणखी वाढतो. ‘अमूर्त’ म्हटलं की ‘निर्गुण-निराकार’ काही लांब राहत नाही. ‘अॅब्स्ट्रॅक्ट’ या इंग्रजी शब्दाच्या मागे संतपरंपरा उभी नाही, आपल्या शब्दाच्या मागे आहे. त्यामुळे मराठी लेखात तिसऱ्या परिच्छेदापर्यंत चित्रकाराचा साधू होतो. त्यांना झेनची ओढ होती, रमण महर्षींचं त्यांना आकर्षण होतं, ते एकटे राहत आणि कमी बोलत. हे सगळं खरं. पण या मार्गाने गेलेला लेखक रंगापर्यंत पोहोचतच नाही, आणि जी वस्तू बघून लिहायचं ती अगदी मूर्त असते. तिला वजन असतं, जाडी असते, उजेड बाजूने पडला तर उंचवटे दिसतात.

थर म्हणजे काय हे बघायचं तर सत्तरच्या दशकातल्या एखाद्या उभ्या कॅनव्हासच्या जवळ जावं लागतं. पाच पावलांवरून सगळा गेरूच्या जातीचा रंग दिसतो. हातभर अंतरावर त्याच्याखालचा पिवळा कुठे कुठे वर येतो आणि मधूनच लिपीसारख्या खुणा दिसतात, पण वाचायला गेलं तर एकही अक्षर लागत नाही. यातल्या बऱ्याच खुणा कुंचल्याच्या नाहीत. रंग रोलरने पसरलेला, सुरीने खरवडलेला, आणि वर्तमानपत्राचे किंवा मासिकाचे फाडलेले कपटे दाबून उचललेला. कपटा निघताना थोडा रंग सोबत नेतो, थोडा ठेवतो. काय राहील हे पूर्णपणे हातात नसतं, पण काय ठेवायचं हे असतं.

यात वेळ का लागतो याचं उत्तर तैलरंगातच आहे. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही. ते हवेतला प्राणवायू घेऊन सावकाश घट्ट होतं. खालचा थर पुरेसा सुकण्याआधी वरचा चढवला तर पुढे भेगा पडतात, म्हणून चित्रशाळेत पहिला धडा असतो तो ‘पातळ खाली, तेलकट वर’. इतके थर देणाऱ्याला वाट बघणं चुकत नाही. गायतोंडे वर्षाला पाच-सहाच चित्रं पुरी करत. त्यांचं ते ‘मौन’ काही अंशी रंग सुकण्याची वाट बघण्यात गेलेलं असावं, असं मला नेहमी वाटतं.

१९७२ नंतरचा बराच काळ दिल्लीतला, निझामुद्दीन पूर्वच्या छोट्याशा जागेतला. १९८४ च्या रिक्षा अपघाताने या कामाला मोठी खीळ बसली. मोठा कॅनव्हास सुटला. काही वर्षं कागदावर शाईची लहान रेखाटनं तेवढी झाली. या रेखाटनांकडे अजूनही कमी लक्ष जातं, कारण त्यांत सांगण्याजोगे थर नाहीत. तरी खुणांची तीच जात तिथे उघडी दिसते, वर रंगाचं पांघरूण नसताना. ऐंशीच्या दशकाअखेर ते पुन्हा तैलरंगाकडे वळले. १० ऑगस्ट २००१ रोजी त्यांचं निधन झालं.

त्यांच्या अनेक कॅनव्हासच्या पाठीमागे देवनागरीत सही आहे आणि साल आहे. शीर्षक मात्र नाही. त्यामुळे लिलावाच्या यादीत एकाखाली एक ‘शीर्षकविरहित’ येतात, आणि कुठल्या चित्राबद्दल बोलतोय हे माप आणि साल सांगूनच ठरवावं लागतं.