कार्बनचा हिशेब स्टुडिओत हवा

आर्किटेक्चरच्या पाच वर्षांत हवामानाचा एक पेपर असतो. तो सुटला की सुटला. पुढे डिझाइनच्या ज्युरीत, म्हणजे परीक्षकांपुढच्या सादरीकरणात, फॉर्म, मॉडेल, रेंडर यांवर तासभर खल चालतो. पश्चिमेची काचेची भिंत मे महिन्यात किती ऊन आत घेईल, हे क्वचितच कुणी विचारतं.

खरं तर ते मोजता येतं. २०१८ च्या 'इको निवास संहिते'नुसार, म्हणजे घरांसाठीच्या ऊर्जाबचतीच्या सरकारी नियमावलीनुसार, थंड प्रदेश सोडून इतरत्र घरांच्या भिंती-खिडक्यांमधून आत येणारी उष्णता सरासरी दर चौरस मीटरला १५ वॅटच्या आत हवी. भिंतीचं साहित्य, काचेचं प्रमाण, छज्जा, दिशा असं सगळं त्या एका आकड्यात येतं. पहिल्या स्केचबरोबर हे गणित मांडलं तर खिडकी हलवता येते. सबमिशनच्या आदल्या रात्री मांडलं तर एसी मोठा करण्यापलीकडे हातात काही उरत नाही.

एसीचं बिल निदान दर महिन्याला येतं. सिमेंटचा कार्बन मात्र माणसं राहायला येण्याआधीच हवेत गेलेला असतो. चुनखडी सुमारे १४५० अंशांपर्यंत तापवून क्लिंकर, म्हणजे सिमेंटचा मुख्य घटक, बनतो, आणि यातला निम्म्याहून जास्त कार्बन डायऑक्साइड इंधनातून नव्हे, त्या दगडातूनच सुटतो. भट्टी सौरऊर्जेवर चालवली तरी तो सुटणारच. म्हणून क्लिंकर कमी करायचा किंवा मुळात काँक्रीटच कमी ओतायचं. दुसरी गोष्ट सर्वस्वी आर्किटेक्टच्या पेन्सिलीत आहे.

आर्किटेक्ट लॉरी बेकर यांनी केरळात ती करून दाखवली. स्लॅबच्या खालच्या भागात ताण येतो आणि ताण सोसायला काँक्रीट कुचकामी, तिथे काम सळया करतात. मग सळयांच्या मधल्या जागेत त्यांनी कौलं बसवली. रॅट-ट्रॅप बाँडमध्ये विटा कडेवर उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवली: विटा जवळपास चतुर्थांश कमी, शिवाय पोकळीतली हवा ऊन अडवते. हे स्लाइडवर बघून येत नाही. त्यासाठी कॉलेजने गवंड्याला मानधन देऊन शिकवायला बोलवावं.

आणि एखाद्या सत्राला रिकामा प्लॉट देऊच नये. चाळीस वर्षांची सोसायटी द्यावी, पाडायची नाही या अटीवर: लिफ्ट बसवा, गच्ची थंड करा, खोल्या वाढवा. यात एफएसआय, म्हणजे प्लॉटवर बांधता येणारं जास्तीचं क्षेत्र, सुटत नाही, असं बिल्डर म्हणेल, आणि त्याच्या हिशेबाने ते बरोबरच आहे. पण ज्युरीत बिल्डर बसलेला नसतो, अशी वर्षं विद्यार्थ्याला पाचच मिळतात.