पॅरिस ते बार्सिलोना: विमान की रेल्वे?

लंडन–पॅरिस प्रवासात फार विचार करावा लागत नाही. युरोस्टार सव्वादोन ते अडीच तासांत शहराच्या मध्यातून मध्यात नेते, तेव्हा रेल्वेच घ्यावी. खरा पेच पडतो तो पॅरिस–बार्सिलोनासारख्या मार्गावर. इथे विमान पावणेदोन तासांचं, तर थेट टीजीव्ही, म्हणजे फ्रान्सची वेगवान गाडी, जवळपास पावणेसात तासांची.

आधी वेळेचा हिशोब नीट मांडू. मध्य पॅरिसहून आरईआर बी लोकलने शार्ल द गॉल विमानतळ गाठायला पाऊण तास धरा. त्यापुढे सुरक्षा तपासणी आणि बोर्डिंगसाठी दोन तास, मग उड्डाण, सामानाच्या पट्ट्यापाशी अर्धा तास आणि शेवटी बार्सिलोनात शिरायला बसने 35 मिनिटं. बेरीज साडेपाच तासांच्या पुढे जाते. फक्त हातातली बॅग असेल तर तासभर वाचतो. रेल्वेने स्टेशन गाठण्यासकट साडेसात-आठ तास लागतात. म्हणजे फरक पाच तासांचा नसून दोन-तीन तासांचा आहे. स्वस्त तिकिटावर ‘पॅरिस बोव्हे’ लिहिलेलं असेल तर तोही आटतो, कारण तो विमानतळ पॅरिसपासून सुमारे 85 किमी दूर आहे आणि नुसत्या बसलाच सव्वा तास लागतो.

मग ताशी 300 किमी धावणाऱ्या गाडीला पावणेसात तास का लागतात? पॅरिसपासून दक्षिण फ्रान्समधल्या नीम शहरापर्यंतचं अंतर ती तीन तासांच्या आत कापते. पण माँपेलिए ते पेर्पिन्याँ या दीडशेएक किमीच्या टप्प्यात वेगवान मार्ग अजून बांधलेलाच नाही, तिथे गाडी जुन्या रुळांवरून जाते. वळणांमुळे वेग कमी करावा लागतो, शिवाय वीजही बदलते. वेगवान मार्गावर 25,000 व्होल्टचा एसी प्रवाह असतो, तर दक्षिण फ्रान्सच्या जुन्या मार्गावर 1,500 व्होल्टचा डीसी. तेवढीच शक्ती कमी व्होल्टेजवर घ्यायची तर करंट सुमारे 17 पट लागेल. तो ना तारेला झेपेल, ना पेंटोग्राफला (तारेतून वीज घेणाऱ्या छतावरच्या सांगाड्याला). म्हणून इंजिनाची ताकद तिथे निम्म्याहूनही खाली येते. पेर्पिन्याँनंतर पिरेनीज पर्वताखालचा बोगदा लागतो आणि पुन्हा वेग मिळतो. स्पेनचे जुने रूळ 1,668 मिमी रुंदीचे आहेत. बार्सिलोनापर्यंतचा नवा मार्ग मुद्दाम 1,435 मिमीचा बांधला, म्हणूनच डिसेंबर 2013 पासून गाडी न बदलता जाता येतं.

आता इंधनाकडे वळू. 65 टनांचं एअरबस ए320 साडेदहा किमी उंच चढवायला लागणारी ऊर्जा काढली आणि इंजिनाची कार्यक्षमता साधारण 30 टक्के धरली, तर नुसत्या चढाईलाच अर्धा टन इंधन लागतं. उतरताना त्यातलं थोडं वसूल होतं, सगळं नाही. लांबच्या उड्डाणात हा खर्च हजारो किलोमीटरवर विभागला जातो, इथे मात्र तो आठशे-साडेआठशे किमीतच वसूल करावा लागतो. पूर्ण प्रवासाला साडेतीन टन इंधन धरू. एक किलो इंधन जळलं की 3.16 किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणजे एकूण 11 टन. दीडशे प्रवाशांत वाटला तर माणशी 70 ते 75 किलो. विमानामागे उमटणाऱ्या बर्फकणांच्या पट्ट्यांमुळे होणारी तापमानवाढ यात धरलेलीच नाही.

टीजीव्हीत हाच आकडा माणशी पाच किलोच्या आत राहतो. पोलादी चाक पोलादी रुळावर फिरताना घर्षण अगदी कमी असतं, आणि फ्रान्सची सुमारे दोन तृतीयांश वीज अणुभट्ट्यांतून येते. पोलंडसारख्या कोळशावर भिस्त असलेल्या देशात रेल्वेचा आकडा इतका लहान राहत नाही, तरी विमानापेक्षा तो कमीच असतो. इतक्या फरकासाठी दोन-तीन तास जास्त द्यावेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्याच दिवशी परतायचं असेल तर मात्र विमानाला पर्याय नाही.

रेल्वेने जायचं ठरलं तर तिकीट दोन-तीन महिने आधी काढा. जागा भरत जातात तसे दर चढतात. पॅरिसच्या गार द ल्यों स्टेशनवर, जिथून ही गाडी सुटते, प्लॅटफॉर्म गाडी सुटण्याच्या साधारण 20 मिनिटं आधीच कळतो. अक्षरांचे प्लॅटफॉर्म हॉल 1 मध्ये, आकड्यांचे हॉल 2 मध्ये. दारं दोन मिनिटं आधी बंद होतात. अनेकदा दोन टीजीव्ही जोडून सोडतात: एकीत 1 ते 8 क्रमांकाचे डबे, दुसरीत 11 ते 18. आतून एकीतून दुसरीत जाता येत नाही, त्यामुळे चुकीच्या गाडीत चढलात तर पुढच्या स्टेशनपर्यंत तिथेच अडकाल. परतताना बार्सिलोना सान्त्सला सामान एक्स-रे यंत्रातून जातं, तेव्हा अर्धा तास आधी पोहोचा.

मुंबईहून लंडनला उतरून पुढे जाणाऱ्यांनी व्हिसाची खात्री करावी. ब्रिटनचा व्हिसा वेगळा, शेंगेन (फ्रान्स-स्पेनसह युरोपातल्या अनेक देशांचा सामाईक व्हिसा) वेगळा. शेंगेन एकाच प्रवेशाचा असेल तर पॅरिसहून लंडनला जाऊन पुन्हा बार्सिलोनाला येता येणार नाही.

विलंबाचे नियमही वेगळे आहेत. युरोपीय संघाच्या नियमानुसार रेल्वेला तासाभराचा उशीर झाला तर भाड्याच्या 25 टक्के आणि दोन तासांनंतर 50 टक्के परत मिळतात. विमान तीन तास उशिरा पोहोचलं आणि कारण कंपनीच्या हातातलं असेल तर या अंतराला 250 युरो. लंडन–पॅरिस आणि पॅरिस–बार्सिलोना अशी दोन वेगळी तिकिटं काढली असतील, तर पहिल्या गाडीच्या उशिरामुळे दुसरी चुकल्यावर ही भरपाई कामाची नाही. युरोस्टार पॅरिसला जिथे पोहोचते त्या गार द्यु नॉरहून गार द ल्यों आरईआर डी लोकलने फक्त दुसरं स्टेशन आहे, तरी मध्ये किमान दीड तास ठेवा.