टॅरँट्युलाची कातपूर्व अवस्था

थेराफोसिडी कुलातले मोठे, केसाळ कोळी म्हणजे टॅरँट्युला. कात टाकण्याआधी काही दिवसांपासून काही महिन्यांपर्यंत हा कोळी सुस्तावतो, खाणे सोडतो आणि आडोसा धरून बसतो. या काळाला कातपूर्व अवस्था म्हणतात. पाळलेला कोळी या दिवसांत आजारी, कधी कधी तर मेल्यासारखाच दिसतो. त्याला वाचवायच्या घाईत जे केले जाते, त्यानेच बहुधा त्याचे नुकसान होते. बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात असले कोळी पाळणारे हौशी मोजकेच. विचारायला जवळपास दुसरा जाणकार नसतो आणि तालुक्याच्या पशुवैद्याचा हात गाई-म्हशी आणि कुत्र्यांवर बसलेला असतो. म्हणून काळजी कधी करायची आणि कधी नाही, हे पाळणाऱ्याने स्वतःच ओळखायला शिकावे लागते.

कोळ्याला आतून हाडे नसतात. अंगावरचे कठीण कवच हाच त्याचा सांगाडा, आणि ते कवच वाढत नाही. म्हणून जुन्या कवचाखाली नवे, मऊ कवच तयार होते, दोहोंच्या मध्ये द्रव साठतो आणि जुने कवच सोडून कोळी बाहेर येतो. बाहेरच्या कातीबरोबर घशाचे, अन्नरस ओढून घेणाऱ्या चूषक जठराचे आणि पोटाखालच्या पुस्तक-फुप्फुसांचे (पुस्तकाच्या पानांसारख्या थरांच्या श्वसनेंद्रियांचे) अस्तरही निघते. एवढी उलथापालथ आत चालू असताना त्याला भूक नसते, यात नवल नाही. पिल्ले महिना-दोन महिन्यांनी कात टाकतात, मोठी मादी वर्षा-दोन वर्षांतून एकदा. अनेक जातींच्या माद्या पंधरा-वीस वर्षे जगतात आणि शेवटपर्यंत कात टाकत राहतात.

लक्षणे जातीप्रमाणे बदलतात. मेक्सिकोतला ब्रॅकीपेल्मा किंवा दक्षिण अमेरिकेतला ग्रामोस्टोला पोटावरचे टोचरे केस झाडतो. तिथे पडलेले टक्कल आधी फिकट असते, कात जवळ आली की काळे पडते, कारण आतल्या नव्या केसांचा रंग त्यातून दिसू लागतो. भारतीय जातींना असे टोचरे केस नसतात, त्यामुळे ही खूण त्यांच्यात शोधून उपयोग नाही. त्यांचे पोट फुगून तुळतुळीत दिसते आणि अंगाचा रंग धुरकट होतो. बिळात राहणाऱ्या जाती मातीने आणि जाळ्याने तोंड बुजवून घेतात. आठवडेच्या आठवडे बीळ बंद राहिले की पाळणाऱ्याच्या जिवाची घालमेल होते आणि तो चमच्याने माती उकरतो. ते करू नये. पश्चिम घाटात जांभ्या मातीच्या दरडींत बिळे करून राहणाऱ्या थ्रिग्मोपोयस प्रजातीचे वर्णन पोकॉक या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने 1899 साली केले. या गटातल्या कोळ्याला बीळ हेच घर आणि तेच बाळंतघर.

खरी धडकी भरते ती कोळी उताणा दिसल्यावर. जमिनीवर जाळ्याची पातळ चटई विणून तो तिच्यावर पाठीवर पडतो आणि तासन्‌तास हलत नाही. घरातले म्हणतात, “मेलंय की बा ते, टाक जा नेऊन!” खरे तर बहुतेक टॅरँट्युला कात टाकतात त्या असेच उताणे पडून. मेलेला किंवा मरणाला टेकलेला कोळी सहसा पायांवरच असतो आणि त्याचे पाय पोटाखाली मुठीसारखे वळलेले असतात. पायांच्या मुख्य सांध्यांत पाय सरळ करणारे स्नायूच नसतात, ते काम अंगातल्या द्रवाच्या दाबाने होते. दाब गेला की पाय आत वळतात. उलट उताणा पडून पाय पसरलेला कोळी जिवंत आहे, कामात आहे. थोड्या वेळाने डोके-छातीवरची ढाल कडेने सुटते, मग पोटाची कातडी बाजूंनी फाटते आणि दमादमाने, हिसके देत एकेक पाय बाहेर निघतो. पिल्लाला यासाठी एखादा तास पुरतो, मोठ्याला कित्येक तास लागतात. या वेळी त्याला सुलटा करणे, ओढून मदत करणे किंवा अंगावर पाणी मारणे म्हणजे मऊ पाय तुटण्याला आमंत्रण.

पेटीत सोडलेला रातकिडा किंवा झुरळ मात्र लगेच काढावे. मऊ पडलेल्या कोळ्याला भुकेला रातकिडा कुरतडून मारू शकतो.

हवामानाचा मुद्दा इथे दोन टोकांचा आहे. जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळाभर भिंतींना ओल धरते. तिथे बंद पेटीत कोकोपीटवर (पेटीत अंथरलेल्या नारळाच्या काथ्याच्या भुशावर) बुरशी चढते आणि हवा खेळती ठेवणे हेच मुख्य काम. अथणी-रायबागकडे उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी की पाण्याची वाटी एका दिवसात आटते. शरीरात पाणी कमी असेल तर दोन कवचांमधला द्रवही पुरत नाही आणि कोळी कातीत अडकतो. म्हणून वाटी सदैव भरलेली हवी. माती चिखल होईपर्यंत भिजवणे हा त्यावरचा उपाय नव्हे. डिसेंबर-जानेवारीतल्या गारठ्यात कोळी खायचा थांबला, तर प्रत्येक वेळी कातच जवळ आली असे नाही. थंडीने त्याची हालचाल आणि भूक दोन्ही मंदावतात.

काळजी करण्यासारख्या गोष्टी वेगळ्या आहेत. पोट सुकून सुरकुतलेले असणे, पायांवर उभा असताना पाय आत वळणे, तोंडाशी पांढरा चिकट थर आणि दुर्गंधी, तोल जाऊन थरथरणे. यांतले शेवटचे लक्षण दिसले तर आधी घरातल्या फवारणीचा विचार करावा. डासांच्या कॉइलमध्ये आणि झुरळांच्या स्प्रेमध्ये सहसा जी पायरेथ्रॉइड द्रव्ये असतात, ती कोळ्यालाही विषच. गल्लीत धूरफवारणीची गाडी आली की पेटी आतल्या खोलीत नेऊन दार लावावे.

कात टाकल्यावर कोळ्याचे विषदंत पांढरे असतात, मग तांबूस आणि शेवटी काळे होतात. ते काळे होईपर्यंत खाणे देऊ नये. पिल्लाला साधारण आठवडाभर, मोठ्याला दोन आठवडे थांबावे. मागच्या खेपेस तुटलेला पाय नव्या कातीबरोबर पुन्हा फुटतो, फक्त आधी थोडा बारीक असतो. टाकलेली कात कोरडी झाली असेल तर कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा थेंब टाकून ती भिजवावी आणि पोटाचा भाग हळूच उलगडावा. वरच्या दोन पुस्तक-फुप्फुसांच्या मधोमध आतून पिशवीसारखी घडी दिसली तर ती मादी. वयात आलेल्या नराच्या शेवटच्या कातीनंतर स्पर्शपादांच्या (तोंडाजवळच्या पायांसारख्या दोन अवयवांच्या) टोकांशी फुगवटे दिसतात. तो सतत पेटीभर फिरतो आणि जेमतेम खातो. ही कातपूर्व अवस्था नव्हे. त्याचे आयुष्य आता काही महिन्यांचे, फार तर वर्षा-दोन वर्षांचे उरलेले असते.

ब्रॅकीपेल्मा प्रजाती पूर्वीपासून, तर झाडावर राहणारी पीसिलोथेरिया प्रजाती 2019 पासून आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रणाच्या साइट्स करारात परिशिष्ट 2 मध्ये आहे. या करारातले विदेशी प्राणी पाळायचे तर त्यांची नोंदणी करावी लागते. खानापूर तालुक्यातल्या भीमगड अभयारण्यातून कोळी उचलून आणणे हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे.